कुक्कुटपालन शेडमधील पंख्यांसाठी मोटार किती अश्वशक्तीची असावी?

शेतीला पूरक व्यवसाय म्हणून ब्रॉयलर म्हणजेच मांसल कोंबड्यांचे पालन राज्यात बऱ्याच शेतकऱ्यांनी स्वीकारले आहे. उघड्या बाजूंच्या शेडबरोबरच आता बंदिस्त, पंखा-पॅड पद्धतीच्या शेडही उभ्या राहत आहेत. या शेडमध्ये एका टोकाला ओले पॅड आणि दुसऱ्या टोकाला हवा बाहेर ओढणारे मोठे पंखे असतात. पॅडमधून आत येणारी हवा गार होते व कोंबड्यांच्या अंगावरून वाहत पंख्यांतून बाहेर पडते.

कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. अंगातील उष्णता ती धापा टाकून आणि अंगावरून वाहणाऱ्या हवेला देऊन बाहेर टाकते. उघड्या शेडमध्ये निदान पडदे वर करता येतात. बंदिस्त शेडमध्ये मात्र पंखे थांबले की हवा थांबते. मे महिन्याच्या दुपारी विक्रीला आलेला कळप अशा स्थितीत फार वेळ तग धरू शकत नाही आणि सहा आठवड्यांचे कष्ट तासाभरात वाया जातात. म्हणूनच पंख्याच्या मोटारीची निवड हा केवळ वायरमनवर सोडून देण्याचा विषय नाही. त्यामागील हिशेब शेतकऱ्याने स्वतः समजून घेतला पाहिजे. हा हिशेब अवघड नाही.

नेहमी होणारी चूक

पंखा विकत घेताना शेतकरी बंधू बहुधा दोनच गोष्टी विचारतात. पंखा किती इंची आणि मोटार किती अश्वशक्तीची? जास्त अश्वशक्ती म्हणजे जास्त हवा, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. पंखा किती हवा फेकणार, हे पात्यांचा व्यास व आकार, मिनिटाला होणारे फेरे आणि हवेच्या वाटेतील विरोध या तीन गोष्टींवर ठरते. तेवढी हवा फेकण्यासाठी पंखा जेवढी शक्ती मागतो, तेवढी त्याला पुरवणे एवढेच मोटारीचे काम आहे. फेरे तेच ठेवून १.५ अश्वशक्तीच्या जागी ३ अश्वशक्तीची मोटार बसवली, तरी हवा वाढत नाही.

म्हणून हिशेब उलट्या बाजूने न करता क्रमाने करावा. प्रथम हवा किती हवी ते ठरवावे, मग विरोध पाहावा आणि शेवटी मोटार निवडावी.

पहिली पायरी : हवा किती लागते?

समजा, शेड १०० मीटर लांब व १२ मीटर रुंद असून तिची सरासरी उंची २.५ मीटर आहे. म्हणजे हवा ज्या मुखातून वाहते त्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ १२ × २.५ = ३० चौरस मीटर झाले. उन्हाळ्यात मोठ्या कोंबड्यांच्या अंगावरून सेकंदाला सुमारे २.५ मीटर वेगाने हवा वाहावी असे धरल्यास,

३० × २.५ = ७५ घनमीटर प्रति सेकंद

इतकी हवा लागेल. पन्नास इंची पंखा प्रत्यक्ष शेडमध्ये सेकंदाला १० घनमीटर, म्हणजे तासाला ३६,००० घनमीटर हवा फेकतो असे धरले, तर ७५ भागिले १० म्हणजे साडेसात, अर्थात ८ पंखे बसवावे लागतील.

येथे एक काळजी घ्यावी. माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलेला हवेचा आकडा बरेचदा शून्य दाबाचा, म्हणजे पंख्यासमोर कोणताही अडथळा नसतानाचा असतो. शेडमध्ये अडथळा असतोच. त्यामुळे २५ ते ३० पास्कल दाबाला हा पंखा किती हवा देतो आणि किती वीज घेतो, ते विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

दुसरी पायरी : हवेला विरोध किती?

पंखा हवा बाहेर ओढतो तेव्हा शेडमधील दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो. पॅड, शेडची लांबी, पंख्याचे शटर आणि जाळी यांना ओलांडून हवा आणण्यासाठी हा फरक लागतो. त्याला स्थिर दाब म्हणतात. चांगल्या स्थितीतील शेडसाठी आपण तो ३० पास्कल धरू. ३० पास्कल म्हणजे जेमतेम ३ मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा दाब. आकडा लहान दिसला, तरी पंख्याचा सर्व हिशेब याच आकड्यावर उभा आहे.

पॅडचे क्षेत्र कमी ठेवल्यास हा विरोध वाढतो. १५ सेंटिमीटर जाडीच्या सेल्युलोज पॅडमधून हवेचा वेग सेकंदाला पावणेदोन मीटरच्या आसपास ठेवतात. ७५ घनमीटर हवेसाठी ७५ ÷ १.७५ म्हणजे सुमारे ४३ चौरस मीटर पॅड लागेल. पॅडमध्ये काटकसर केली, तर तिची भरपाई पंख्याच्या मोटारीला आयुष्यभर करावी लागते.

तिसरी पायरी : अश्वशक्तीचा हिशेब

हवा (घनमीटर प्रति सेकंद) गुणिले दाब (पास्कल) केले की उपयोगी शक्ती वॅटमध्ये मिळते. आपल्या पंख्यासाठी,

१० × ३० = ३०० वॅट

परंतु पंखा घेतलेली सर्व शक्ती दाबाविरुद्ध हवा ढकलण्यात वापरत नाही. बरीच शक्ती हवेला वेग देण्यात व भोवरे तयार होण्यात जाते. या प्रकारच्या पंख्याची स्थिर दाबावरील कार्यक्षमता ३५ टक्के धरू. तर पंख्याच्या दांड्याला लागणारी शक्ती,

३०० ÷ ०.३५ = ८५७ वॅट

पट्ट्यामध्ये सुमारे ४ ते ५ टक्के शक्ती वाया जाते. ती मिळवल्यावर मोटारीवरचा भार सुमारे ९०० वॅट होतो.

बाजारात मोटारी ठरावीक मापांत मिळतात. ०.७५ किलोवॅट (१ अश्वशक्ती), १.१ किलोवॅट (१.५ अश्वशक्ती), १.५ किलोवॅट (२ अश्वशक्ती), २.२ किलोवॅट (३ अश्वशक्ती) ही त्यातील नेहमीची मापे होत. ९०० वॅटच्या भारासाठी ती पुढीलप्रमाणे पडताळून पाहू.

१ अश्वशक्ती : क्षमतेच्या १२० टक्के भार. मोटार तापून जळेल.
१.५ अश्वशक्ती : ८२ टक्के भार. योग्य.
२ अश्वशक्ती : ६० टक्के भार. चालेल, परंतु सहसा गरज नाही.
३ अश्वशक्ती : ४१ टक्के भार. अनावश्यक.

अर्थात या पंख्याला १.५ अश्वशक्तीची मोटार योग्य ठरते. मोटारीवर तिच्या क्षमतेच्या ७५ ते ८५ टक्के भार येईल अशी निवड करावी. उरलेली १५ ते २५ टक्के क्षमता वाया जात नाही. ती कशासाठी राखायची ते पुढे पाहू.

जास्त मोठी मोटार घेतल्यास काय बिघडते?

"थोडी मोठीच घेऊ, म्हणजे निर्धास्त," असा विचार केला जातो. मोठ्या मोटारीची किंमत, स्टार्टर व वायर यांचा खर्च वाढतो. अर्ध्याहून कमी भारावर मोटारीचा पॉवर फॅक्टर घसरतो आणि कार्यक्षमताही थोडी कमी होते. याहून महत्त्वाची बाब संरक्षणाची आहे. ओव्हरलोड रिले मोठ्या मोटारीच्या प्रवाहावर लावलेला असतो. पंख्याचा बेअरिंग जाम होऊ लागला, तरी वाढलेला भार त्या रिलेच्या मर्यादेत बसतो आणि बिघाडाची सूचना वेळेवर मिळत नाही.

पुली बदलण्यापूर्वी शंभर वेळा विचार करा

उन्हाळा वाढला की हवा कमी पडते असे वाटू लागते. मग मोटारीवरची पुली थोडी मोठी बसवून पंख्याचे फेरे वाढवण्याचा सल्ला मिळतो. उपाय स्वस्त आणि सोपा वाटतो. मोटारी जळण्याचे हे एक मोठे कारण आहे.

पंख्याचे फेरे वाढवले की हवा त्याच प्रमाणात वाढते, दाब वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि लागणारी शक्ती मात्र घनाच्या प्रमाणात वाढते. मूळ फेरे १०० धरल्यास हे प्रमाण असे येते.

फेरे ८० : हवा ८०, दाब ६४, शक्ती ५१
फेरे ९० : हवा ९०, दाब ८१, शक्ती ७३
फेरे १०० : हवा १००, दाब १००, शक्ती १००
फेरे ११० : हवा ११०, दाब १२१, शक्ती १३३
फेरे १२० : हवा १२०, दाब १४४, शक्ती १७३

आता आपल्या पंख्याचा विचार करू. मोटार मिनिटाला १,४२० फेरे घेते. मोटारीची पुली ४ इंची व पंख्याची १३ इंची आहे. म्हणजे पंखा १,४२० × ४ ÷ १३ = सुमारे ४३७ फेरे घेतो. मोटारीवर ४ इंचीऐवजी साडेचार इंची पुली बसवली, तर फेरे ४९१ होतील. वाढ साडेबारा टक्के झाली. हवाही साडेबारा टक्केच वाढेल. परंतु भार ४२ टक्क्यांनी वाढून ९०० वॅटवरून सुमारे १,२८० वॅटवर जाईल. मोटार आहे १,१०० वॅटची. केवळ अर्ध्या इंचाने मोटार आपल्या क्षमतेच्या १६ टक्के वर गेली.

रिले त्याचे काम करतो व मोटार बंद पाडतो. मग "रिले सारखा पडतो" म्हणून त्याचे सेटिंग वाढवले जाते. येथून पुढे मोटारीला राखणारे कोणीही उरत नाही.

हवा खरोखरच कमी पडत असेल, तर पुली न बदलता नववा पंखा बसवावा. पॅडचे क्षेत्र पुरेसे असल्यास हवा जवळपास तेवढीच वाढते आणि विजेचा भार ४२ टक्क्यांऐवजी साधारण आठव्या हिश्शाने वाढतो. शिवाय एखादा पंखा बंद पडल्यास तो राखीव म्हणून उपयोगी पडतो.

कमी वीजदाबाचा विचार

तीन फेज मोटार ४१५ व्होल्टसाठी बनवलेली असते. गावाकडे लाइनच्या टोकाला असलेल्या शेडमध्ये भर दुपारी ३४० व्होल्टही मिळतात. पंखा मात्र आपली मागणी फारशी कमी करत नाही. त्यामुळे तेवढीच शक्ती देण्यासाठी मोटार जास्त प्रवाह ओढते. ढोबळमानाने ४१५ ÷ ३४० = १.२२ पट प्रवाह वाढतो.

८२ टक्के भाराची मोटार अशा वेळी ०.८२ × १.२२ म्हणजे पूर्ण क्षमतेच्या प्रवाहाइतका प्रवाह घेते. ती गरम होईल, पण तग धरेल. राखून ठेवलेली क्षमता येथे कामी आली. पुली बदललेल्या मोटारीचे काय होईल? तिचा प्रवाह १.१६ × १.२२ = १.४१ पट होईल. वेटोळ्यातील उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती सुमारे दुप्पट होते. मोटारीच्या वेटोळ्याचे तापमान मर्यादेपेक्षा दर १० अंश सेल्सिअसने वाढले की इन्सुलेशनचे आयुष्य साधारण निम्मे होते, असे मानले जाते. हे सर्व घडते ते नेमके अशा दुपारी, जेव्हा कोंबड्यांना हवेची सर्वांत जास्त गरज असते.

कमी वीजदाबात मोटारीचा सुरू होण्याचा जोरही घटतो. हा जोर वीजदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ३४० व्होल्टला तो जवळपास दोनतृतीयांश राहतो. म्हणून फार कमी दाबावर पंखे वारंवार बंद-चालू करू नयेत. तीनपैकी एक फेज गेली, तर चालती मोटार उरलेल्या दोन फेजवर गुरगुरत फिरत राहते व थोड्याच वेळात जळते. त्यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवलाच पाहिजे.

मळलेले पॅड, अर्धवट उघडणारे शटर

पात्यांच्या पंख्याची एक खोड लक्षात ठेवावी. ब्लोअर म्हणून ओळखला जाणारा केंद्रोत्सारी पंखा अडवला की त्याची हवा कमी होते आणि मोटारीवरचा भारही उतरतो. शेडमधील पात्यांच्या पंख्याचे वागणे याच्या उलट असते. त्याच्या वाटेत अडथळा वाढला, तर हवा कमी होते आणि भार मात्र वाढतो. पॅडवर क्षार व शेवाळ जमले, शटर धूळ व पिसांनी जड झाले, म्हणजे कोंबड्यांना हवा कमी आणि मोटारीला काम जास्त, असे दुहेरी नुकसान होते.

हा वाढलेला विरोध घरच्या साधनाने मोजता येतो. दर १० सेंटिमीटर लांबीला १ सेंटिमीटर चढ येईल अशा बेताने एक फळी तिरपी ठेवून तिच्यावर पारदर्शक नळी बसवावी. नळीचे खालचे टोक रुंद बाटलीतील रंगीत पाण्यात बुडवावे. बाटली बाहेरच्या हवेत उघडी ठेवावी आणि नळीचे वरचे टोक भिंतीतून शेडमध्ये सोडावे. पंखे बंद असताना पाणी जेथे असेल तेथे खूण करावी. पंखे सुरू केल्यावर ३ मिलिमीटर दाबाला पाणी नळीतून सुमारे ३० मिलिमीटर पुढे सरकते. नवीन पॅड असतानाचा आकडा लिहून ठेवावा. तेवढेच पंखे चालू असताना तो ४५-५० मिलिमीटरवर गेला, तर पॅड व शटर स्वच्छ करण्याची वेळ झाली असे समजावे.

पट्टा सैल झाल्यास उलटा प्रकार होतो. पंख्याचे फेरे घटतात, मोटारीवरचा भारही घटतो, रिले पडत नाही आणि सर्व ठीक आहे असे वाटते. प्रत्यक्षात कोंबड्यांना हवा कमी पडत असते. म्हणून महिन्यातून एकदा पट्ट्याचा ताण पाहावा. पट्टा अति ताणूही नये, त्याने बेअरिंग लवकर जातात.

मोटार खरेदी करताना

१) शेडमधील हवेत धूळ, ओलावा व अमोनिया असतो. त्यामुळे पूर्ण बंदिस्त, आयपी-५५ संरक्षणाची व एफ वर्ग इन्सुलेशनची मोटार घ्यावी.
२) सर्वसाधारण मोटारी भोवतालच्या ४० अंश सेल्सिअस तापमानासाठी असतात. विदर्भ, मराठवाडा व खानदेशात उन्हाळ्यात पारा याहून वर जातो. मोटार पॅडकडून आलेल्या गार हवेच्या झोतात असेल तर अडचण नाही. ती झोताबाहेर, पत्र्याजवळ किंवा उन्हात असेल, तर भार ७५ टक्क्यांच्या आतच ठेवावा.
३) मोटार वर्षातील हजारो तास चालते. त्यामुळे आयएस १२६१५ या मानकानुसार बनवलेली, आयई-२ किंवा आयई-३ दर्जाची मोटार थोडी महाग वाटली तरी वीजबिलातून परवडते.
४) जुनी मोटार बदलून जास्त कार्यक्षम मोटार बसवताना नामपट्टीवरील फेरे पाहावेत. १,४२० ऐवजी १,४४५ फेऱ्यांची मोटार आली, तर पंखा पावणेदोन टक्के जलद फिरेल आणि भार ५ टक्क्यांहून थोडा जास्त वाढेल. भार आधीच काठावर असेल, तर हेही पुरेसे ठरते.

जनरेटरची क्षमता

१.५ अश्वशक्तीची मोटार पूर्ण भाराला साधारण अडीच अँपिअर प्रवाह घेते. सुरू होताना मात्र ती क्षणभर त्याच्या सुमारे सहा पट प्रवाह ओढते. आठही पंखे एकदम सुरू केल्यास जनरेटरवर ८० केव्हीएच्या आसपास धक्का बसतो. तेच पंखे काही सेकंदांच्या अंतराने एकेक सुरू केल्यास चालू सात पंख्यांचा भार आणि शेवटच्या एका पंख्याचा धक्का मिळून सुमारे २० केव्हीए होतात. पॅडचा पंप व दिवे यांचा भार त्यात मिळवून जनरेटर निवडावा. पंखे एकामागोमाग सुरू करणारे टायमर बसवल्यास जनरेटर लहान चालतो आणि वीज परत आल्यावर होणारा गोंधळही टळतो. जनरेटर आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष पंख्यांच्या भारावर चालवून पाहावा. पंखे थांबताच वाजणारी, बॅटरीवर चालणारी धोक्याची घंटा शेडमध्ये असावी.

उन्हाळ्यापूर्वीची तपासणी

फेब्रुवारी संपण्यापूर्वी पुढील कामे उरकून घ्यावीत.

१) प्रत्येक पंख्याचा तीनही फेजवरील प्रवाह क्लॅम्प मीटरने मोजून वहीत लिहावा. तो नामपट्टीवरील आकड्यापेक्षा कमी असावा आणि तिन्ही फेजवर जवळपास सारखा असावा.
२) प्रवाह मोजताना वीजदाबही नोंदवावा. दाब पाहिल्याशिवाय प्रवाहाच्या आकड्याला अर्थ नाही.
३) ओव्हरलोड रिलेचे सेटिंग नामपट्टीवरील प्रवाहापेक्षा जास्त नाही याची खात्री करावी.
४) मोटारीची व पंख्याची पुली मोजून माप वहीत लिहावे. रिवाइंडिंगहून मोटार परत आल्यावर तीच पुली बसली आहे का, ते पाहावे.
५) पाती, शटर, जाळी व पॅड स्वच्छ करावेत. मोटारीच्या अंगावरील धुळीचा थर काढावा.
६) त्याच मापाची एक मोटार व दोन पट्टे शेडवर राखीव ठेवावेत.

थोडक्यात, मोटारीची अश्वशक्ती पंख्याच्या इंचावरून किंवा शेजाऱ्याच्या शेडवरून ठरवू नये. हवा, दाब आणि कार्यक्षमता या तीन आकड्यांवरून ती काढावी, कमी वीजदाबासाठी १५ ते २५ टक्के राखीव ठेवावी आणि पुलीला हात लावण्यापूर्वी घनाचा नियम आठवावा. कागद-पेन्सिलीचे हे अर्ध्या तासाचे काम आहे. हे काम हिवाळ्यातच केले, तर मे महिन्याच्या दुपारी वायरमनच्या वाटेकडे डोळे लावून बसण्याची वेळ येणार नाही.